सातव्या होलची वाकडी रेघ

सूर्यभानचं वागणं लंकाबाईच्या डोक्यात गेलं होतं. पन्नाशी ओलांडलेला हा धाकटा दीर सकाळपासून गावभर बोंबलत सुटला होता: "गोल्फवाल्यांनी वहिनीची वाट गिळली!"

"माझ्या वाटेचं रडगाणं ह्याच्या तोंडी कशाला?" लंकाबाई जावयाला म्हणाली. "माझी जीभ झडलीया व्हय?"

वाट मात्र खरंच गेली होती. कर्जतजवळचा आपला माळ तिनं गोल्फच्या मैदानासाठी भाड्यानं दिला, तो विहिरीची पायवाट मोकळी ठेवायच्या बोलीवर. आता मैदानाची मांडणी बदलत होती. सातव्या होलची हद्द दाखवणारी खुंट्यांची रेघ काल वाटेच्या अलीकडे होती, आज पलीकडे. दुपारी जेसीबी वाटेवरच खेळासाठी वाळूचा खड्डा खणणार होता.

गावात कोंबडी हरवली तरी माणसं पोलिसांआधी लंकाबाईला गाठत. आज ती स्वतःसाठीच निघाली. मागून जावई अजिनाथ.

"बाजूनं या, जावईबापू! तिथं म्हसोबा हुता."

अजिनाथनं पायाखाली पाहिलं. "नुसतं गवत तर हाय, मामी."

"माळ सपाट केला तवा मी आन् भावजींनी नारळ फोडून देव बांधावर नेला. दोघंच हुतो. पर जागा त्याचीच."

मांडणी करणारा पुण्याचा रविराज घाम पुसत आला. "आजी, खुंट्या मी हलवल्या नाहीत. माझी रेघ तारेसारखी सरळ असते."

"मग मधेच हिला पोट कसं सुटलं?"

रविराजनं वाकून खुंट्यांच्या रेघेवर नजर लावली. ती मधेच फुगली होती.

माळी बजरंग श्रीगोंद्याचा, नुकताच कामाला लागलेला. "सायेब दावतील तिथं मी पानी मारतो, बाई. खुट्टीला हात न्हाई लावला."

तेवढ्यात सूर्यभानही पोचला. "वहिनी, मी तर इकडं फिरकलोबी न्हाई! पर काळजी कशाला? माझ्या शेतातनं जावा पान्याला. हिरीत तेवढा निम्मा वाटा लावा माझा."

"पुण्याचाच चोर दिसतोय," अजिनाथ कुजबुजला.

"जावईबापू, तुमी मिशा वाढवा. डोकं ऱ्हाऊ द्या."

लंकाबाई रेघेच्या फुगवट्यापाशी जाऊन उभी राहिली.

"रेघ सरळ येती, हितं वळसा घालती, पुन्हा सरळ जाती. कशाला? ना दगड, ना झाड. पुण्याच्या पोरानं मधोमध खुट्टी ठोकली असती. बजरंगानंबी तेच केलं असतं. माझा जावईसुदा बूट वाजवत निघाला हुता. हितं देव हुता हे ठाऊक असनारी मानसं दोन. येक मी. मी माझीच वाट कशाला गिळू?"

सगळ्यांच्या माना सूर्यभानकडे वळल्या.

"देवाच्या डोक्यात खुट्टी कशी मारायची, वहिनी?" त्याच्या तोंडून निसटलंच.

रविराजनं स्वतः खुंट्या उपटल्या आणि मूळ जागी ठोकल्या. जेसीबी आला तो पायवाट सोडून खणू लागला. लंकाबाईनं पदर खोचला आणि दिराच्या डोळ्यात डोळे घातले.

"भावजी, म्हसोबाला भ्यालात आन् मला न्हाई भ्यालात. हितंच फसलात!"