डावखुऱ्या चिरा

कार्डिफच्या पश्चिमेला मोटरवे सोडून अर्धा तास आत गेलं की मेंढ्यांच्या कुरणांमध्ये एक लहान तळं आहे. काठाने विलोची झाडं, एका टोकाला लाकडी धक्का आणि ह्यूची शेड. ह्यू तळ्याचा मालक. तो माशांच्या फार्ममधून ट्राउट आणून तळ्यात सोडतो आणि आमच्यासारखे लोक तिकीट काढून ते गळाने पकडतात. तिकिटं दोन प्रकारची आहेत. एकात मासा घरी नेता येतो, दुसऱ्यात पकडलेला मासा परत सोडायचा. अरुणा होती तोवर मी पहिलं काढत असे. ती गेल्यावर दुसरं काढायला लागलो. ह्यूने कारण विचारलं नाही. नुसतं वेगळ्या रंगाचं तिकीट पुढे केलं.

माझी बायको वेंगुर्ल्याची. तिच्या मते मासा म्हणजे समुद्राचा. बाजारातून समुद्रातला बास आणला तर खूश, मी ट्राउट नेला की नाक मुरडायची. "गोड्या पाण्यातलं जनावर हे. आतपर्यंत मसाला गेल्याशिवाय त्याला कसली चव?" म्हणून ती ट्राउटला खोल चिरा द्यायची. दोन्ही अंगांना तीन-तीन, तिरक्या. डोक्याकडच्या दोन जवळजवळ, तिसरी शेपटीकडे जरा लांब. अरुणा डावखुरी होती. तिच्या चिरा इतरांच्या उलट्या बाजूला कलायच्या. मग बोटाने त्यात हळद, मीठ, तिखट आणि कोकमाचं आगळ भरायची.

ती ऑक्टोबरात गेली. त्यानंतर माझं जेवण म्हणजे चहा आणि टोस्ट. भूक लागत नव्हती असं नाही. एकट्यासाठी ताट घ्यावंसं वाटत नव्हतं. आमची मुलगी ईशानी इथेच जन्मली-वाढली, आता मँचेस्टरला असते. दर रविवारी व्हिडिओ कॉल करून ती मला वजनकाट्यावर उभं करायची.

"बाबा, तुझा वजन परत कमी झाला."

"काटा जुना आहे."

"काटा मी ख्रिसमसला आणला. ब्रँड न्यू आहे." मग ती मूळ मुद्द्यावर यायची. "तू इकडे ये ना. घर मार्केटवर टाकू. मला रोज सकाळी भीती वाटते, तू फोन उचलशील की नाही."

तिचं चुकत नव्हतं. पण अरुणा या घरात राहिली होती, त्या तळ्याकाठी माझ्यामागे खुर्ची टाकून बसली होती. मँचेस्टरला ती फक्त पाहुणी म्हणून गेली होती. तिथे तिला कुठे शोधणार?

मार्चमध्ये पहिला तसला मासा लागला. अरुणा बसायची त्याच जागी, वाकलेल्या विलोखाली. मी हात ओले करून, मासा पाण्यात जाळ्यातच ठेवून गळ सोडवत होतो, तेव्हा त्याच्या अंगावर तीन तिरके पांढरे व्रण दिसले. त्यांच्यावर खवलं परत आली होती. मासा उलटा केला. पलीकडेही तीन. फोनवर फोटो काढून मी त्याला सोडून दिलं.

"बगळा," ह्यू फोटो बघून म्हणाला. "चोच मारतो, मासा निसटतो."

"दोन्ही अंगांना?"

"मग दोन बगळे असतील." तो हसला. मग त्याने फोटो मोठा करून बघितला आणि हसायचा थांबला. "असा व्रण भरायला वर्ष लागतं. हे मासे गेल्या आठवड्यात आणलेत मी. एकेक हाताखालून गेलाय."

माझी सगळी नोकरी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कातडीचे नमुने तपासण्यात गेली. कातडीची जखम किती जुनी, ते मला नजरेने कळतं. पुढचा मासा लागला त्याच्या चिरा गुलाबी होत्या, काही महिन्यांच्या. त्यानंतरच्या माशाच्या नुकत्या मिटत आलेल्या. प्रत्येक वेळी जागा तीच, अंतर तेच, कल तोच उलटा. शेजारच्या लोकांना साधे, धड मासे लागत होते. घरी येऊन मी तिन्ही फोटो छापून स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवून बघितले. जखमा भरत नव्हत्या. ताज्या होत चालल्या होत्या. चिरा देणारं जे कोण होतं, ते दर खेपेला जवळ येत होतं.

मला भीती वाटली नाही. एवढंच खटकलं, की प्रत्येक मासा मी सोडून दिला होता. आणि सोडताना एकानेही जायची घाई केली नव्हती. मासा उघड्या हातात थांबून राहायचा.

ईस्टरनंतर ईशानी आली. सोमवारी एजंट विक्रीसाठी घराचे फोटो काढायला येणार होता. शनिवारी मी म्हणालो, एकदा तळ्यावर जाऊन येतो. ती सोबत निघाली. मला एकटं सोडायचं नाही असं तिने ठरवलेलंच होतं.

"अजून किती वेळ, बाबा? माझे बोटं पडतील थंडीने."

"तुझी आई इथे चार-चार तास बसायची."

"आई वेडी होती," ईशानी म्हणाली. मग तोंड फिरवून गाडीतून ब्लँकेट आणायला गेली.

तेवढ्यात दोरी ताणली.

मासा फारसा झुंजला नाही. मी गुडघे टेकून जाळं त्याच्याखाली सरकवलं.

एका अंगाला तीन चिरा. ताज्या. कडा स्वच्छ, रक्त नाही.

मी त्याला उलटं केलं.

या अंगाला दोनच होत्या.

शेपटीकडची जागा कोरी होती. खवलं चमकत होती. मासा कल्ले हलवत माझ्याकडे बघत होता.

काम अर्धं राहिलं होतं. मी मासा मध्येच उचलला होता.

मी जाळं परत पाण्यात खाली नेलं, दांडा घट्ट धरला आणि थांबलो.

माझी सावली पाण्यावर पडली होती. ओट्यापाशी उजेड अडवलेला अरुणाला खपत नसे.

मी थोडा बाजूला सरकलो.

दांड्याला किंचित ओढ लागली. मासा ओढतो तशी नाही. कोणी भांडं नीट धरायला सांगावं, तशी.

मग ओढ थांबली. जाळं वर घेतलं, तेव्हा मासा निश्चल झाला होता. चिरा तीन होत्या.

"सोडलास?" ब्लँकेट गुंडाळून ईशानी मागे उभी होती.

"नाही. घरी नेतोय."

तिने माझ्या हातातला रॉड घेतला.

शेडमध्ये मी तिकीट बदलून मागितलं. ह्यूने माशाकडे बघितलं. "काठावर सुरी चालवायची नाही, दीना. माहीत आहे ना तुला?"

"माझ्याकडे सुरी नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं, ईशानीकडे बघितलं आणि तिकीट फाडून दिलं.

घरी ईशानीने फ्रिजच्या दारातून आगळाची बाटली शोधून काढली. मी हळद, मीठ, तिखट कालवलं. प्रमाण चुकलं असणार. ती माझ्या शेजारी उभी राहून भात लावत होती.

"सोमवारी एजंटला नको म्हणून सांग," मी म्हणालो.

"तू आधी जेव. पोटभर. माझ्यासमोर."

"जेवतो. उद्याही जेवीन."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. मग टेबलावर दोन ताटं मांडली.

मी मासा उजेडात धरला आणि बोटाने मसाला भरायला लागलो. दुसऱ्या अंगाच्या पहिल्या दोन चिरा एका झटक्यात दिलेल्या होत्या, सरळ. तिसरी मध्यावर थबकली होती आणि तिथून पुढे गेली होती. सुरी चालवता चालवता कोणी मान वर करून बघावं, तशी.

तळ्याकाठी मी उजेडातून बाजूला सरकलो, तेव्हाची.