ओ देणारे

पाणी आणणारी गाढवं त्या दिवशी उशिरा आली, म्हणून तखातच्या भाकऱ्या उशिरा झाल्या. मग नवऱ्याचं जेवण घेऊन तिलाच डोंगराकडेच्या कामशाळेत जावं लागलं. राजा वारला होता. त्याच्या थडग्यात जायच्या वस्तूंवर मंत्र लिहायचं काम तिच्या नवऱ्याकडे, केन्नाकडे होतं.

आत सगळा सोन्याचा उजेड. सिंहाच्या तोंडाचे पलंग, पेट्या, रथाची चाकं. आणि भिंतीलगत लाकडी बाहुल्यांची रांग, सगळ्यांना राजाचाच चेहरा, हातात इवलीशी कुदळ.

केन्ना कांदा सोलत सांगत होता, की तिकडच्या जगात राजालासुद्धा वेठ चुकत नाही. हाक आली की या बाहुल्या ओ देतात आणि त्याच्या वाटची वाळू वाहतात.

"तुझ्यासाठीपण एक करून घे," शेजारचा सुतार म्हणाला. "वहिनींनी हाक मारली की तीच ओ देईल."

सगळे हसले. तखातला हसू आलं नाही. घरी तिची नोफ्रे तापाने फणफणत होती. लेकराचं अंग भट्टीसारखं, आणि झोपेत कुणाला तरी "आले, आले" म्हणणं चाललेलं. सासूबाई म्हणाल्या होत्या, पलीकडून कुणीतरी बोलावतंय तिला. डोंगरावरच्या नागदेवीला नवस बोलून झाला होता, उपास चालू होते. आणि आता या रांगेकडे बघता बघता तखातला वाटलं, देवीनेच वाट दाखवली.

घरी येऊन तिने ओल्या मातीची एक बाहुली केली. कानावर एकच वेणी, नोफ्रेसारखी. तोंडाशी पदर धरून तिने ती केन्नापुढे ठेवली आणि म्हणाली, हिच्यावर पोरीचं नाव घाला आणि राजाच्या बाहुल्यांत ठेवा. हाक आली की ही ओ देईल, आपली पोर घरी राहील.

केन्नाने बाहुली उचलून परत तिच्याकडे सरकवली.

"जिवंत माणसाचं नाव त्या रांगेत घालत नाहीत, तखात."

"मग मेल्यावर घालणार आहात का?"

त्याने बोरू ओला केला.

बाहुली रांगेत गेली. थडग्याला मोहोर लागली त्याच दिवशी ताप उतरला. नोफ्रेने मसुराची आमटी मागून खाल्ली. तखातने डोंगराच्या पायथ्याशी कमळं वाहिली, देवीपुढे डोकं टेकलं.

आणि मग एका भर दुपारी...

पुरुष डोंगरापलीकडे कामावर गेलेले, सुटीपर्यंत तिकडेच मुक्काम. गल्लीत कुत्रंही नव्हतं. त्या कोरड्या खडकाळ वस्तीत घागरभर पाणीसुद्धा जपून वापरायचं, आणि तखातला घरात नदीकाठच्या गाळाचा वास आला. गार, कुजकट, पूर ओसरल्यावर येतो तसा. ती जात्यावरून उठली. चटईवर नोफ्रे ताठ बसली होती. डोळे मिटलेले.

"ओ..." ती हलकेच म्हणाली. "आहे मी... आले."

आणि पुन्हा आडवी झाली. तखातने तिचे हात उघडून पाहिले. तळव्यांवर फोड आले होते. नखांत काळी माती होती.

रोज दुपारी तेच होऊ लागलं. पोरगी वाळत चालली. दिवसा खेळताना मध्येच थांबायची, पाठीवर ओझं असल्यासारखी वाकायची. सासूबाईंनी ताईत बांधले, धूप जाळला. वास जाईना.

सुटीला केन्ना घरी आला. त्याने लेकीचे तळवे पाहिले आणि भिंतीला टेकून खालीच बसला.

"चुकलं आपलं," तो म्हणाला. "त्या बाहुल्या राजासाठी राबतात. त्यांच्यात जो उभा राहिला, तो राजाचा गडी झाला. आपण पोरीला तिच्या हाकेतून सोडवलं नाही... राजाच्या वेठीला लावून आलो."

छिन्नी उचलून तो निघाला होता. मोहोर फोडणाऱ्याला सुळावर देतात, हे दोघांनाही ठाऊक होतं. तखात दारात आडवी झाली. म्हणाली, तुम्ही गेलात तर पोरीला बाप नाही, आणि बाहुली हाती लागेलच असंही नाही. मी बघते. देवी आईसारखी आहे, ती आईचं ऐकेल.

दुसऱ्या दुपारी तिने पोरीला मांडीवर घेतलं. वास आला. जातं थांबवून सासूबाई कोपऱ्यात हात जोडून बसल्या. नोफ्रे उठू लागली, ओठ हलले... तखातने तिच्या तोंडावर अलगद हात ठेवला. आणि न ऐकू आलेल्या हाकेला, शेजारणीला द्यावी तशी साधी ओ दिली.

"ओ... मी आहे."

काहीच झालं नाही. पोर मांडीवर सैल पडली, शांत झोपली. वासही गेला. तखातने देवीचं नाव घेतलं आणि लेकीला चटईवर ठेवून ती जागच्या जागीच पीठ मळायला बसली. मन कसं हलकं झालं होतं.

उन्हं कलल्यावर नोफ्रे उठली. गालावर रंग आला होता. कितीतरी दिवसांनी ती आपणहून हसली, दोन भाकऱ्या खाल्ल्या. तळवे कोरडे, स्वच्छ. सासूबाईंनी तिला कुशीत ओढलं.

तिथूनच ती तखातकडे बघत राहिली. मग आजीच्या कानाशी लागून तिने विचारलं, "आजी, आई कधी परत येणार?"

"अगं वेडे, ही काय समोर बसलीय," सासूबाई हसत म्हणाल्या.

नोफ्रेने नाही म्हणून मान हलवली.

तखात पीठ मळता मळता हसली. लेकरू अजून झोपेतच आहे, तिला वाटलं. तिने वर पाहिलं तेव्हा सासूबाई हसत नव्हत्या. त्या जमिनीकडे बघत होत्या.

तखात बसली होती तिथून ओल्या काळ्या पावलांची रांग निघून उंबऱ्याबाहेर गेली होती. मोठ्या बाईची पावलं. सगळी बाहेर जाणारी.