मधल्या धारेवरची पत्रं

"कायदेवालो घोव करू नको गो," आनंदीमावशी म्हणाली होती. "त्येका जगाची भांडणां आपली वाटतत."

मी हसण्यावारी नेलं. आदल्याच दिवशी आरोंद्याच्या खाडीत बांबूने पाण्याची खोली मोजणारे एक तरुण वकील मला भेटले होते.

"काय मोजताय?"

"सीमा. पाणी सर्वांत खोल तिथे आपला देश संपतो. पलीकडे पोर्तुगीज."

"आणि ओहोटीला?"

"ओहोटीला दोन्ही देश... जरा जवळ येतात." त्या वकिलांचे, सत्यवानांचे, कान लाल झाले.

आमचं लग्न झालं, मुलगी झाली. हेगच्या न्यायालयात भारत-पोर्तुगाल खटला चालू होता. ह्यांना पेपरात तेवढंच दिसायचं. सरहद्द बंद. तरी दर गुरुवारी हे होडीतून मधल्या धारेपर्यंत जात. पलीकडच्या किनाऱ्याला पाय लावला नाही की गुन्हा नाही, म्हणत. समोरून, गोव्यातल्या केरीची एक होडी येई. तिच्यात चंद्रावती नावाची बाई... केसांत अबोलीचा वळेसर. मी लेकीला कडेवर घेऊन माडाआडून बघत राही.

एकदा ह्यांचा शर्ट धुताना खिशात पत्र सापडलं. अक्षर ह्यांचं. 'ओहोटीला तू जरा जवळ येतेस...'

"तुमच्या कायद्याच्या पुस्तकातला तो डच पंडित म्हणतो ना, समुद्र कुणाच्या मालकीचा नाही?" मी शर्ट पिळत विचारलं.

"हो. त्याला साडेतीनशे वर्षं झाली."

"आणि नवरा?"

ह्यांनी पत्र पाहिलं. "अगं, आपल्या मासेवाल्या बाबलीचं आहे ते! चंद्रावती त्याची बायको. त्याला लिहिता येत नाही. गोव्याच्या सत्याग्रहात होता, पलीकडच्यांना दिसला तर गोळीच. ती त्याची बायको हे तिकडे कळलं तर तिचे हाल... म्हणून तुलाही बोललो नाही."

"पण वाक्य माझं आहे."

ह्यांची वकिली मराठी गळून पडली, मालवणी आली. "माका दुसरां येणाच नाय गो. एकाच बाईवर जीव लावलंय... बाबलीक नवीन वाक्य खंयसून हाडू?"

मी ओला शर्ट तोंडावर धरला. हसू त्यांना दिसू नये म्हणून.

तरी पुढची पत्रं मीच लिहिली. 'बांगडे बरे मिळतात. तब्येत जप.' एवढंच. तिसऱ्या गुरुवारनंतर चंद्रावतीची होडी आली नाही.

आता गोवा मोकळा झाला. बाबली धावत केरीला गेला, तर घराला कुलूप. म्हापशाला बहिणीकडे गेली म्हणतात. तोही तिकडेच शोधतोय. माझ्या कोरड्या पत्रांनी तर ती गेली नसेल...?

लेकीला गोवर आलाय, मला हलता येत नाही. तुमच्यापैकी कुणी म्हापशाला जाणार असेल, तर तिला एकदा बघून या. ह्यांच्या अक्षरातली पत्रं तिने जपली असतील, तर मला सांगू नका. बरी आहे ना ती, तेवढं कळवा.