मीटरभर गाळ

तळ्याच्या तळाचा मीटरभर गाळ अखंड आणायचा, सोमवारी प्रयोगशाळेत पोचवायचा, की पीएच.डी.ची जागा तिची! एवढ्यासाठी मास्तरीण, तिचा मामा आणि वाटाड्या असे तिघे तो बर्फाळ डोंगर चढले होते. शाळेत विज्ञान शिकवता शिकवता तिने चार वर्षं प्राध्यापकांचे उंबरठे झिजवले होते. कुणी दाद दिली नव्हती. विद्यापीठातल्या पर्यावरण विभागाच्या एकाच बाईंनी ही अट घालून होकार दिला होता, आणि वयाची मर्यादा या महिन्यात संपत होती.

"चिखलासाठी जीव धोक्यात घालणारी आपल्या खानदानात तू पहिलीच!" मामा म्हणाला होता. निवृत्त कंपाउंडर तो. तोंडाने कुरकुर, पण पिशवी आधी त्याचीच भरलेली.

डोंगराने पहिल्याच दिवशी हिसका दाखवला. वाऱ्याने तंबू काठ्यांसकट दरीत नेला. दुसऱ्या दिवशी गोठलेल्या तळ्याला भोक पाडून त्यांनी पारदर्शक पाइप तळात ठोकला आणि वर ओढला. काठोकाठ भरलेला! शेकडो वर्षांचे काळे-करडे थर एकावर एक बसलेले. आडवा झाला की थर कालवले जाणार, म्हणून तिने बुचं लावून तो तान्ह्या मुलासारखा पाठीशी उभा बांधला.

इतक्यात बर्फ कडाडलं. "पळा!" वाटाड्या ओरडला. तिघे काठाकडे धावले. मागे अवजारं, चालायच्या काठ्या, सगळं काळ्या पाण्यात गेलं! आता दुसरा नमुना काढणं शक्य नव्हतं.

उतारावर नुसत्या दगडांच्या राशी. वाटाड्या पाऊल चाचपत पुढे चालला होता. एक धोंडा हलला. वाटाड्या घसरला. पाय फटीत अडकला आणि कट्कन आवाज आला!

मामाने पाय चाचपला. "नडगी मोडलीय. आधाराशिवाय उचलला, तर पाय हातचा गेलाच समज."

आसपास झाड नव्हतं, काडीही नव्हती. मामाने तिच्या पाठीवरच्या पाइपाकडे पाहिलं आणि मान फिरवली.

"ताई, तुम्ही पुढं व्हा," वाटाड्या दात आवळून म्हणाला. "खालून माणसं पाठवा."

"ती येईपर्यंत तुम्ही गोठाल, दादा."

तिला त्याचा राग आला. खरंच आला! या माणसाला नेमका आत्ताच पाय मोडायचा होता? मग स्वतःचीच इतकी लाज वाटली, की तिने खिशातली छोटी करवत काढली. पाइप आडवा ठेवला. उभा चिरला. चार वर्षांच्या खटपटीचा गाळ दगडांवर पसरला, आणि दोन पन्हळी मोकळ्या झाल्या. मामाने त्या पायाला दोन्ही बाजूंनी करकचून बांधल्या.

त्याला दोघांच्या खांद्यांवर पेलत खाली यायला दीड दिवस लागला. मामाच्या हाताची दोन बोटं थंडीने काळी पडली.

रुग्णालयाच्या व्हरांड्यातून तिने बाईंना फोन लावला.

"नमुना?"

"सांडला."

"मग जागा दुसऱ्याला द्यावी लागेल."

"हो, बाई."

ती पोटभर रडली, तोंड धुतलं आणि आत गेली. वाटाड्याचा पाय वाचला होता, पण तो जन्मभर लंगडणार होता.

"पुढच्या हिवाळ्यात तळं पुन्हा गोठेल, ताई," तो हळूच म्हणाला. "वाट मी सांगेन."

"तळं गोठेल हो, दादा. वय गोठत नाही," ती म्हणाली, आणि त्याच्या पायाखालची उशी सारखी केली.