राखणदाराची रेघ

बसा जवळ. अन् ते टॉर्च बंद करा रे पोट्टेहो, सेल काय झाडाले लागतात?

हे गोष्ट माह्या जोडीच्या मधुकरची. अल्लीपूरचाच गडी, वेल्डिंग करे. ब्याऐंशी साली, मिरगाच्या आधी, कंपनीच्या कामावर लिबियाले गेलता. घर त्याचं शेतातच, अन् बांधावर नागाचं वारूळ. त्यायच्या घरची रीत अशी, का कोणी परगावी निंघालं का वारुळापाशी वाटीभर दूध ठेवाचं अन् म्हणाचं, "राखणदारा, घर राखजो." बस. मंग मांगं न पाहता चालू लागाचं. मधुकर गेला दूध घेऊन. पण पहिल्यांदाच इतक्या दूर चाललेला. तोंडातून निंघून गेलं, "राखणदारा, माह्यासंगं राह्यजो."

घरी त्यानं हे सांगतलंच नाई. बायको सुलोचना अन् दोन वर्षांची पोरगी नलू, दोघीच मांगं राह्यल्या.

तिकडं जिकडं पाहा तिकडं रेती. राहाले पत्र्याची खोली. दुसऱ्याच सकाळी उठून पाह्यते, त खाली रेतीत मनगटाएवढी जाड रेघ. वळणं घेत दारातून आत आलेली, थेट खाटेपाशी. बाहेर जायाची रेघच नाई! संगच्या लोकायनं खाट उलटवली, पत्रे ठोकले. साप नाई, कात नाई. रोज सकाळी तेच. लोक खोली सोडून पयाले. मधुकर मात्र खूश. म्हणे, राखणदार आला माह्या मांगं.

काय म्हणतं बे? साप विमानात कसा बसला? मले काय विचारतं, मी काय कंडक्टर होतो? आइक गुमान.

एका रात्री त्याले सपन पडलं, पानी पडून राह्यलं. खडबडून उठून बसला. गावाकडं मिरग लागला असन. बिळात पानी भरते, जनावरं घरात शिरतात. अन् नलू त जमिनीवर निजते. राखणदार इथं... मंग तिथं कोण?

अंधारातच हात जोडले. "माही चूक झाली बापा. मले काई होऊ दे. तू पोरीपाशी जाय."

सकाळी रेघ बाहेर गेलेली. सरळ उगवतीकडे.

त्या दिवसापासून त्याले ना भूक ना झोप. माय सिरीयस हाये असं खोटंच सांगून सुटी मांगतली, ते भेटता भेटता महिना गेला. शेवटच्या बसनं अल्लीपूरच्या फाट्यावर उतरला, तवा आखाडातली अवस होती, जिवतीची. रात्रीचे साडेदहा. पानी नुकतंच थांबलेलं. गाडरस्त्यानं चिखल तुडवत निंघाला. टॉर्च खाली मारला...

चिखलात रेघ.

मनगटाएवढी. ताजी. त्याच्या पुढं चाललेली... त्याच्याच घराकडे.

बॅग टाकली. पयाला. चप्पल चिखलात राह्यली. रेघ आंगणात. ओट्यावर. दाराच्या फटीतून... आत.

"सुलू! दार खोल! सुलू!"

सुलोचना डोळे चोळत कंदील घेऊन आली. "अवं माय! तुमी? आत्ता?"

त्यानं कंदील हिसकला. नलू सतरंजीवर पडलेली. हालचाल नाई. त्यानं नाकापाशी हात नेला...

श्वास चालू होता. गडी मटकन खाली बसला अन् लहान पोरासारखा रडला.

मंग दिसलं. उशीपासून हातभर अंतरावर मण्यार. मेलेली. पार चेंदामेंदा.

"हे तू मारली?"

"मी कायले मारू? मले त माहीतच नाई!"

सतरंजीभोवती रेतीचं कडं होतं. पांढरी, बारीक रेती. आपल्या काळ्या मातीत अशी रेती पाह्यली का कोणी? मधुकरनं बोट लावलं अन् झटकन मांगं घेतलं. गरम होती. अवसेच्या पावसात, ओल्या सारवणावर... गरम.

सुलोचनानं कंदील खाली धरून कोपरा न् कोपरा पाह्यला. कणगीमांगं, चुलीमांगं, उतरंडीखाली. काईच नाई.

दारातून आत आलेली रेघ होती.

बाहेर जायाची... नाई.