थीकरांची जागा

मंगळवारी दुपारी दीडच्या बसने डोरीन थीकर स्कारविकला उतरली. एका मेलेल्या माणसाशी आपलं नातं लागतं का, ते तिला बघायचं होतं. पिशवीत चीज-लोणच्याची दोन सँडविचेस, चहाचा थर्मास, वाचायचा चष्मा आणि टोक काढलेल्या तीन पेन्सिली. पोस्टाच्या खिडकीमागे पस्तीस वर्षं काढलेली बाई, तयारीत कसूर ठेवायची नाही.

मेलेला माणूस म्हणजे जोसाया थीकर. व्हिक्टोरिया राणीच्या काळात तो या बंदरात जहाजांची चित्रं काढायचा. सफरीहून परतलेले कप्तान त्याच्याकडून आपापल्या जहाजाचं चित्र काढून घेत, आणि घरी नेण्याआधी चित्रातले दोर मोजत. एक दोर कमी भरला तरी चित्र तिथेच ठेवून जात. जोसायाचं एकही चित्र असं मागे राहिलं नाही म्हणतात.

डोरीनचे वडील विल्फ्रेड शहरातल्या इस्पितळात पडून होते. वय शहाऐंशी, आणि डॉक्टरांनी आठवडाभराची आशा दिलेली. विल्फ्रेडचे वडील मॅथ्यू हल्लच्या अनाथाश्रमात वाढले. ‘माझा बाप जोसाया थीकर, स्कारविकचा, जहाजं रंगवायचा’ याखेरीज त्यांना स्वतःबद्दल काही ठाऊक नव्हतं. आश्रमातले सोबती विचारायचे, “रंगवायचा म्हणजे बुडाला डांबर फासायचा ना रे?” ते हसणं मॅथ्यूंनी जन्मभर गिळलं. आता त्यांच्या मुलाला मरताना एकच हवं होतं. स्कारविकच्या चर्चच्या आवारात, समुद्राकडच्या भिंतीपाशी थीकरांची जागा होती, तिथे त्याला पुरावं. पण आवार भरून बंद झालेलं. पाद्रीसाहेबांनी फोनवर सांगितलं होतं, “रक्ताचं नातं कागदावर दाखवा मिस थीकर, मग माझी ना नाही.”

चर्च सांभाळणारा आणि थडगी खणणारा असा दोन्ही कामांचा नेड पिंकनी तिला मागच्या खोलीत घेऊन गेला.

“नोंदवह्या त्या पेटीत आहेत. हलक्या हाताने उलटा, माझ्याहून म्हाताऱ्या आहेत.”

“असं? मग फारच जपायला हव्यात,” डोरीन म्हणाली.

“पोस्टातली जीभ ही, लगेच कळते.” नेड हसला. “बाहेरचं दार लावून घेतो. हल्ली चर्चच्या चांदीवर डोळा ठेवून माणसं फिरतात. साडेचारला उघडीन.”

कुलपात चावी फिरल्याचा आवाज आला, मग पावलं लांब गेली. खोलीत एक टेबल, एक खुर्ची, उंचावर एक खिडकी, आणि भिंतीवर जोसायाचं एक चित्र, दोन डोलकाठ्यांचं जहाज बंदराबाहेर पडतानाचं. डोरीनने चष्मा चढवला आणि पानं उलटायला लागली.

तास गेला असेल. जोसायाचं लग्न सापडलं. १८५८ साली मुलगा झाल्याची नोंद सापडली, मॅथ्यू. तो लहानपणी गेला नाही, एवढीच खात्री करायची राहिली. तिने घाईघाईने मृत्यूंची वही उघडली, आणि तिसऱ्याच पानावर तिचं बोट थांबलं. ‘मॅथ्यू थीकर, जोसाया चित्रकार याचा मुलगा, वय वर्षे तीन.’ साल १८६१.

म्हणजे संपलंच. जोसायाचा मॅथ्यू तिसऱ्या वर्षीच गेला होता. आपले आजोबा कुणी भलतेच. आश्रमाने चिकटवलेलं नाव ते जन्मभर मिरवत राहिले. बाबांना हे कोणत्या तोंडाने सांगायचं? डोरीनने चष्मा काढला आणि एकटीच होती म्हणून मोकळेपणाने रडली.

डोळे पुसेपर्यंत खिडकी पांढरी झाली होती. समुद्रावरून धुकं चढलं होतं आणि खोली भर दुपारी अंधारली. बाहेर नेडची कुदळ वाजत होती, तीही थांबली. मग वास आला, रंगात मिसळायच्या जवसाच्या तेलाचा आणि टर्पेंटाइनचा, अगदी ताजा, जणू कुणी आत्ताच बाटलीचं बूच काढलंय.

“कुठला मॅथ्यू बघतेस?”

भिंतीवरच्या चित्रासमोर एक माणूस पाठमोरा उभा होता. जाडा निळा कोट, कानांवर आलेले केस. तो चित्रातले दोर बोटाने मोजत होता, एकेक. बोट कॅनव्हासला लागत नव्हतं. नेडच्या हाताखालचा असेल असं डोरीनने स्वतःला सांगितलं. पण दार वाजलं नव्हतं, हेही तिला माहीत होतं.

“जोसायाचा...” ती म्हणाली. “पण तो लहानपणीच गेला.”

“तो पहिला.”

“पहिला...?”

“आमच्यात नाव टाकून देत नाहीत, बाई. एक गेला की पुढच्याला तेच. आईला हाक मारायची सवय झालेली असते... ती कशी मोडायची?”

डोरीनच्या मानेवर काटा आला. एवढी साधी गोष्ट. जुन्या घरांतून असं सर्रास करत, तिच्या स्वतःच्या पणजीच्या घरी दोन अॅना होत्या. आणि ती एका नोंदीवर वही मिटून मोकळी झाली होती.

“पण दुसऱ्याची नोंद नाही इथे,” जन्मांच्या वहीची पुढची पानं भराभर उलटून ती कुजबुजली. “पुढची दहा वर्षं बघितली.”

“नसणारच. पहिल्याला पुरताना इथल्या पाद्र्याने घाई केली... पाऊस होता म्हणून. त्यानंतर आम्ही इथे पाऊल टाकलं नाही. खालच्या चॅपेलमध्ये जायचो, त्यांची वही वेगळी.” त्याने अजून एक दोर मोजला. “चॅपेल मोडलं तेव्हा वही इकडे आणली. पेटीच्या तळाशी... चादरीखाली.”

डोरीन गुडघ्यांवर बसली. तिने वेदीच्या जुन्या चादरी बाजूला केल्या. खाली काळ्या पुठ्ठ्याची बारीक वही. १८६४. ‘मॅथ्यू, या नावाचा दुसरा. बाप जोसाया थीकर, चित्रकार. आई बाळंतपणात वारली.’ आणि समासात दुसऱ्या हाताने लिहिलेलं, ‘बाप १८६७ साली समुद्रावर बेपत्ता. मूल हल्लच्या आश्रमात धाडले.’

तिला हसू आलं आणि रडूही आलं. “देव तुमचं भलं करो,” ती म्हणाली. “तुम्हाला कल्पना नाही तुम्ही काय दिलंत आम्हाला. बाबा सुखाने जातील.”

“येऊ दे त्याला.” माणूस अजून पाठमोराच होता. “आणि तू? तुझं कोण आहे मागे?”

“माझं? कोणी नाही. लग्न केलं नाही मी. बाबा गेले की थीकर मी एकटीच.”

“बरं,” तो म्हणाला. आवाजात माया होती, आणि त्या मायेनेच डोरीनला हुडहुडी भरली. तिने वही छातीशी धरून वर पाहिलं, तेव्हा भिंतीपाशी नुसतं चित्र होतं.

साडेचारला नेडने कुलूप उघडलं. आत आणखी कुणी होतं का, हे तिने त्याला विचारलंच नाही. उत्तर ठाऊक असताना कशाला विचारायचं?

त्या संध्याकाळी तिने वडिलांना दोन्ही नोंदी वाचून दाखवल्या. विल्फ्रेडनी डोळे मिटले. मग म्हणाले, “म्हणजे चित्रकारच होता.”

“होय बाबा. त्याची चित्रं चर्चमध्ये लावतात.”

“डांबर नाही.”

“डांबर नाही.”

त्यांनी तिचा हात दाबला. गुरुवारी पहाटे ते गेले. चेहऱ्यावर तक्रार नव्हती. डोरीनने इतकं शांत मरण पाहिलं नव्हतं, आणि ज्याचे आभार मानायचे त्याचे ती मनातल्या मनात मानतच राहिली.

पाद्रीसाहेबांनी शब्द पाळला. शुक्रवारी सकाळी नेडचा फोन आला. तो चाचरत बोलत होता.

“डोरीनबाई, तुम्ही दुसऱ्या कुणाला खणायला सांगितलं होतं?”

“नाही. का?”

“काही नाही... या तुम्ही.”

ती गेली. समुद्राकडच्या भिंतीपाशी खड्डा तयार होता. कडा सुरीने कापल्यासारख्या सरळ. वरच्या गवताचे चौकोन एकावर एक रचून ठेवलेले, दवाने ओले. नेड टोपी हातात घेऊन उभा होता, त्याची कुदळ कोरडी होती.

“मी हात लावलेला नाही,” तो म्हणाला. “आणि इतकं नीट मला जमतही नाही.”

“कुणी का असेना, भलं काम केलंय,” डोरीन म्हणाली. तिचे डोळे भरून आले. “त्यांना म्हणावं, आम्ही ऋणी आहोत.”

 नेड खड्ड्याच्या रुंदीकडे बघत होता. मग तिनेही पाहिलं. दोन शवपेट्या शेजारी शेजारी राहतील एवढी ती रुंदी होती.

“ती दुसरी बाजू बुजवा, नेड.”

नेडने बुजवली, पायाने दाबली, वर गवत बसवलं.

शनिवारी अकराला विल्फ्रेडना पुरलं. लोक निघून गेल्यावर डोरीन कडेला एकटी थांबली. पुरेपर्यंत गवताखाली दबलेली, नेडने बुजवलेली बाजू आता पुन्हा मोकळी होती. तिच्या तळाशी मातीचा एक खडासुद्धा पडलेला नव्हता, कुणी हाताने झाडून काढल्यासारखी ती स्वच्छ होती.

तिने पिशवी घट्ट धरली.

“फार उपकार झाले तुमचे,” ती खाली वाकून हळूच म्हणाली. “पण माझी... माझी इतक्यात घाई करू नका हं.”

खालून जवसाच्या तेलाचा वास आला.