हर्षू नावाचं कोणी नाही

ज्या खोक्यामुळे माझी नोकरी जाणार होती, ते मी स्वतःच्या मांडीवर घेऊन ऑफिसात आले. पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ असतात. तोच धोंडा मांडीवर घेऊन, वर जपून आणणारी मी एकटीच.

अठ्ठ्याण्णवचा जानेवारी. संक्रांत होऊन आठवडा झाला होता, तरी सुरतेत, आमच्या लिंबायतच्या तारांवर फाटके पतंग लोंबतच होते. पर्वत पाटियाला जाणारी शेअर रिक्षा थांबली. आत दोन मोठी खोकी आणि त्यांच्यामध्ये चेपलेला एक मुलगा… चष्मा, निळा शर्ट आणि अपराधी चेहरा.

"बेन, एक खोखुं पकडशो? तो बेसाशे," तो म्हणाला.

सुरतेत प्रत्येक बाईला बेन म्हणतात, त्याचं काही नाही. पण हा दिसायला बरा होता. आणि बऱ्या दिसणाऱ्या मुलाने पहिल्याच वाक्यात आपल्याला बहीण करून टाकावं… मी खोकं ओढून घेतलं आणि बसले.

"साचवजो हं, अंदर काच छे."

"तो मने केम आप्युं?" काच आहे तर मला कशाला दिलं, असं मीही गुजरातीतच फटकारलं.

तेवढ्यात रिक्षा खड्ड्यात आदळली. खोकं उसळलं, मी त्याला घट्ट कवटाळलं आणि तोंडातून निघून गेलं, "माय वं!"

तो वळून बघतच राहिला. मग हसला. खळी पडली, एकाच गालावर.

"खान्देशी?"

"लिंबायतमध्ये आणखी कोण राहणार? तुम्ही?"

"नवागाम. गाव चोपडं."

"मग इतका वेळ गुजराती कशाला झाडत होता?"

"तुम्ही झाडत होतात म्हणून… बेन."

"बेन नका म्हणू."

"मग काय म्हणू?"

मी खोक्यावरचे बाण वाचत बसले.

आम्ही दोघं एकाच फाटकाशी उतरलो तेव्हा कळलं, तो ललित, कॉम्प्युटर कंपनीचा इंजिनियर, आणि खोकी आमच्याच ऑफिसची. मी त्या साड्यांच्या कंपनीत आवक-जावकच्या टेबलावर होते. पर्वत पाटियाच्या ऑफिसातून मिलमध्ये आणि मार्केटच्या दुकानात जाणारा प्रत्येक कागद मी रजिस्टरात चढवायचे, शिपाई किसनकाका सायकलवर नेऊन द्यायचे, आणि सहीची पोच घेऊन परत यायचे. पाच वर्षांत एक कागद हरवला नव्हता.

दुपारी मॅनेजर भूपेंद्रभाईंनी सगळ्यांना गोळा केलं. "पहेली तारीखथी कागळ बंध! आता सगळं मेलवर. इथे लिहा, तिथे वाचा." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आवक-जावकनुं टेबल पण बंध."

मी घरी सांगितलंच नाही. सांगण्याची सोय नव्हती. आमच्या आईचं, सरलाबाईंचं म्हणणं ठरलेलं होतं, "नोकरी शे म्हनीसन थांबेल शे. नोकरी गई का शिरपूरनं स्थळ पक्कं!" शिरपूरच्या त्या मुलाला मी एकदा पाहिलं होतं. अर्धा तास तो भिंतीवरच्या कॅलेंडरशीच बोलत होता.

दुसऱ्या दिवशी ललित टेबलाखालून वायर ओढत माझ्या पायाशी आला.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"काय?"

"की ह्या डबड्यानं माझं टेबल जाणार."

तो टेबलाखालून निघायचा थांबला. "मला नुसतं मशीन लावायला सांगितलंय… खरंच. नाहीतर तुमच्या मांडीवर कशाला दिलं असतं?"

त्याचा चेहरा इतका पडला, की मला माझाच राग आला. रागावायचं होतं भूपेंद्रभाईंवर, आणि तोंड सोडत होते ह्याच्यावर.

चार दिवसांनी त्याने माझ्या टेबलावरही एक कॉम्प्युटर ठेवला. म्हणे, मेल पाठवून बघायला दुसरं माणूस लागतं. तो पलीकडच्या काचेच्या खोलीत बसला. माझ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी उमटलं: 'चाचणी एक. मिळाली का?'

मी बोटाने एकेक अक्षर शोधत टाइप केलं: 'नाही मिळाली.'

काचेपलीकडे तो एवढा हसला की चष्मा काढून पुसावा लागला. 'चाचणी दोन. राग गेला का?' 'तोही नाही मिळाला.' 'चाचणी तीन. चहा घेणार?' ह्या तिसरीला मात्र मी जागेवरूनच मान डोलावली.

चहा पिताना त्याने मला एक गोष्ट सांगितली. प्रत्येक मेलच्या मशीनला एक पोस्टमास्तर लागतो. ज्या पत्राचा पत्ता चुकतो, ते परत फिरून त्याच्या पेटीत पडतं. "बहुतेक ऑफिसांत ते नाव कागदावरच राहतं, ती पेटी कुणी उघडत नाही. इथं मी तुमचं नाव घातलंय."

"टेबल जाणार, आणि मी पोस्टमास्तर?"

"पाच वर्षांत एक कागद हरवला नाही म्हणता ना? मग दुसऱ्या कुणाचं घालू?"

असं माझ्या कामाबद्दल आजवर कुणी बोललं नव्हतं. चहा संपला होता तरी मी कप धरूनच उभी राहिले.

एक तारीख आली. सकाळी दहाला सगळ्यांनी हौसेने मेल पाठवल्या. अकरापर्यंत कुणाला काहीच मिळालं नव्हतं. भूपेंद्रभाई ओरडत होते, ललित घामाघूम होऊन वायरी तपासत होता. मला आठवण झाली. मी पोस्टमास्तरची पेटी उघडली. आत त्रेसष्ट पत्रं!

सगळी वर इंग्रजीत एकच तक्रार घेऊन आलेली, ह्या नावाचं इथे कोणी नाही. मी पत्ते वाचले. रामदासभाई. दीप्तीबेन. भूपेंद्रभाई. मला हसूच फुटलं.

"ललित, इकडे या! मशीनमध्ये नावं कशी घातलीत?"

"साधी. रामदास, दीप्ती…"

"अहो, हे सुरत आहे! इथे भाई-बेन लावल्याशिवाय कुणाच्या बोटांतून नाव उतरतं का?"

तो कपाळाला हात लावून मटकन खाली बसला. माझं हसू मात्र पुढच्या पत्रावर थांबलं. भूपेंद्रभाईंनी मिलमधल्या रंगमास्तर रामदासभाईंना लिहिलं होतं: मरून रद्द, सगळा माल राणी रंगात घ्या. लग्नसराईचा माल होता, आणि मरून रंग अकराच्या पाळीत चढायचा होता. मी मिलमध्ये फोन लावला.

"रामदासभाई, मरून नको! राणी!"

"बेन, कापड हातात छे," पलीकडून आवाज आला. "एक मिनिट उशीर थयो होत ना…"

भूपेंद्रभाईंनी रुमालाने मान पुसली. मग माझ्या टेबलावर टिचकी मारून म्हणाले, "आ टेबल बंध नहीं थाय."

मी रडले नाही. फक्त ललितकडे पाहिलं, तर त्याचेच डोळे ओले. त्या क्षणी मला कळलं, मला हा माणूस हवाय. इतकं साधं.

नवीन नावं घालायची चावी त्याने मला शिकवली. दिवसभर मी प्रत्येक नावाला भाई आणि बेन जोडत बसले. तो शेजारी खुर्ची ओढून बसला होता. त्याला काहीतरी बोलायचं होतं… दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा मशीनबद्दलच बोलला.

आठवड्याने तो वापीच्या कारखान्यात मेल लावायला निघाला. फाटकापाशी बॅग खांद्यावर टाकून म्हणाला, "येतो… हर्षदाबेन."

बेन! एवढ्या दिवसांनी, वर बेन! मी "आवजो" म्हणून तोंड फिरवलं आणि दिवसभर कुणाशी धड बोलले नाही.

बाहेरगावची मेल आमचं मशीन दुपारी चारला फोन लावून आणायचं. मोडेम किणकिण करू लागला की मी कामाच्या निमित्ताने पडद्यापाशी. दहा दिवस वापीहून काही नाही. अकराव्या दिवशी पोस्टमास्तरच्या पेटीत एक परत फिरलेलं पत्र पडलं. वर लिहिलेलं: हर्षू नावाचं कोणी नाही.

हर्षू? मला तर कुणीच हर्षू म्हणत नाही. मी पत्र उघडलं. इंग्रजी अक्षरं, पण पहिली ओळ आमच्या अहिराणीतली.

'तू माले आवडस. बेन म्हणायचं नाही म्हणालीस, काय म्हणायचं ते सांगितलं नाहीस. म्हणून मीच एक नाव शोधलं. त्या नावाचं तिथे कोणी नसेल, तर पत्र पोस्टमास्तरकडे जाईल… आणि पोस्टमास्तर कागद हरवत नाही.'

माझे कान तापले. आणि नेमके भूपेंद्रभाई पाठीमागे! चष्मा वर करून ते वाचू लागले, "तू… मळे? कोण कोने मळे छे?" इंग्रजी अक्षरांतलं 'माले' ते गुजराती 'मळे' वाचत होते, कोण कुणाला भेटतंय असं.

मी पटकन हाताने पडदा झाकला. "काही नाही साहेब! कुणीतरी मेलचं स्पेलिंग चुकवलंय. एम, ए, एल, ई."

"भणेला माणसो!" शिकलेल्या माणसांच्या नावाने पुटपुटत ते खुर्चीकडे गेले.

पोस्टमास्तरला दोन गोष्टी करता येतात. पत्र फाडून टाकता येतं, नाहीतर नाव नोंदवता येतं. मी नव्या नावाचा रकाना उघडला. 'हर्षू'. मशीनने विचारलं, पुढे काही जोडायचं? भाई, बेन? मी लिहिलं, नाही. मग ते पत्र पुन्हा पाठवलं. क्षणभराने हर्षूच्या पेटीत ते येऊन पडलं, अगदी रीतसर. आता ह्या नावाचं कोणीतरी होतं.

राहिली होती पोच. मी लिहिलं, 'माले बी. रविवारे घर ये, मी मायले सांगस.' आणि बटण दाबलं. शिरपूरच्या कॅलेंडरला काय सांगायचं ते आईच ठरवेल.

भूपेंद्रभाई पुन्हा डोकावलेच. "हर्षदाबेन, फरी पाछुं एम, ए, एल, ई? स्पेलिंग सुधारो ने!"

"नाही साहेब," मी म्हटलं, "ह्या खेपेला बरोबर आहे."